पासष्टीनंतरचं जळण

सातारा जिल्ह्यातल्या शिरवळमध्ये एकटीच राहणारी सदुसष्ट वर्षांची एक बाई धरून चाला. नवरा वारला, मुलगा चाकणला कामाला आणि त्याचं रेशनकार्ड वेगळं. हिचं कार्ड केशरी. गॅसचं कनेक्शन नवऱ्यानं हयातीत रीतसर पैसे भरून घेतलं होतं, त्याच्यामागं ते हिच्या नावावर झालं. या बाईला मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेतले वर्षाचे तीन मोफत सिलिंडर मिळतात का?

नाही मिळत. ३० जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं या योजनेला दोनच दारं ठेवली, एक उज्ज्वलाचं आणि दुसरं लाडक्या बहिणीचं. उज्ज्वलाचं कनेक्शन घरात आधी गॅस नसेल तरच मिळतं, आणि हिच्या घरात तो होता. लाडकी बहीण एकवीस ते पासष्ट या वयातलीच लागते, आणि हिनं पासष्टी ओलांडली. बरं, ती बासष्टची असती आणि संजय गांधी निराधार योजनेचे महिना दीड हजार घेत असती, तरी दुसरं दार उघडलं नसतं. सरकारच्या दुसऱ्या एखाद्या योजनेतून दीड हजार किंवा त्याहून जास्त मिळत असतील, तर लाडकी बहीण होता येत नाही. म्हणजे घरात उज्ज्वलाचा गॅस नसेल, तर निराधार असल्याचा सरकारी शिक्काच मोफत सिलिंडरच्या आड येतो.

हे कुणी म्हाताऱ्यांवर डूख धरून केलेलं नाही. एकेक अट आपापल्या काळी, आपापल्या कारणानं आली आणि पुढच्या योजनेनं मागच्या योजनेची अट तशीच उचलली. या अटी आल्या कुठून, हे पाहायला निघालं की वाट खंडाळ्याच्या तहसील कचेरीतून रेशनच्या दुकानात, तिथून रॉकेलच्या रांगेत आणि शेवटी थेट जंगलात जाते.

त्याआधी थंडीबद्दल. इंग्लंडमध्ये पेन्शनरांना हिवाळ्यात घर गरम ठेवायला सरकार पैसे देतं, हे आता आपल्याकडंही बऱ्याच घरांना ठाऊक आहे, कारण कुणाचा ना कुणाचा मुलगा तिकडं असतो. महाराष्ट्रात हिवाळ्यासाठी म्हणून वृद्धांना असं कुठलंही अनुदान नाही. ते का नाही, याचं सोपं उत्तर दिलं जातं की इथं थंडीच कुठं पडते! नीरेच्या काठानं डिसेंबरातल्या पहाटे कुणी चालून पाहावं. शिरवळ अवर्षणाच्या पट्ट्यातलं, दिवसा ऊन तापतं आणि रात्री पत्र्याचं घर गार पडतं. पण घर तापवायची रीत आपल्याकडं नाही हे खरंच. म्हाताऱ्या माणसाची ऊब इथं मुख्यतः आंघोळीच्या पाण्यात असते, उरलेली चुलीपुढं बसण्यात आणि अंगावरच्या घोंगडीत. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीपासून थंडी ‘शिव शिव’ करत जाईपर्यंत परसात बंब किंवा तीन दगडांवरचं पातेलं धगधगत असतं. घरात गॅस असला तरी पाणी बहुधा जळणावरच तापतं: शेण्या, ज्वारीची धसकटं, मक्याची बुरकुंडं, बाभळीच्या काटक्या. सिलिंडर पुरवायचा असतो ना. म्हणून इथं इंधनाला मिळणारी मदत हीच ऊब मिळवण्याची मदत, आणि ती कुणाला मिळते हाच इथला थंडीचा प्रश्न.

आता वयाच्या अटीकडं. म्हातारपण कुठल्या वर्षी सुरू होतं हे सरकारनं ठरवायची पद्धत जर्मनीतली. १८८९ च्या कायद्यानं तिथं सत्तर वर्षांवरच्या कामगाराला पेन्शन लागू झाली, १९१६ मध्ये ते वय पासष्टवर आलं. ब्रिटननं १९०८ च्या कायद्यात सत्तर धरलं आणि त्याला उत्पन्नाची मर्यादाही जोडली. भारतात केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली, वय पासष्ट, रक्कम महिना ७५ रुपये. केंद्रानं २०११ साली वयाची अट साठवर आणली, तरी महाराष्ट्राच्या श्रावणबाळ योजनेत ती पासष्टच राहिली. महाराष्ट्र खरं तर या कामात केंद्राच्या पंधरा वर्षं पुढं होता. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० ची, अंतुले मुख्यमंत्री असतानाची. विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजारी अशा पासष्टच्या आतल्यांना संजय गांधी, पासष्टपुढच्यांना श्रावणबाळ, अशी वाटणी पुढं पक्की झाली. रक्कम सहाशेवरून २०१९ मध्ये हजार आणि जुलै २०२३ मध्ये दीड हजार झाली.

रक्कम वाढत गेली. वाढली नाही ती उत्पन्नाची मर्यादा. नाव दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नसेल तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असलं पाहिजे. दहा वर्षांहून जास्त काळ हा आकडा जागचा हललेला नाही. एकवीस हजार म्हणजे महिन्याला १,७५०, दिवसाला साडेसत्तावन्न रुपये, आणि तेही एका माणसाचे नव्हेत, घराचे. ज्या रोजगार हमीचा पहिला प्रयोग वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला केला, त्या कामाची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होती. घरातल्या एकानं वर्षात अडुसष्ट दिवस खडी फोडली की घर श्रावणबाळाच्या मर्यादेबाहेर जातं. श्रावणबाळाचं स्वतःचं अनुदानच वर्षाला १८,००० होतं.

शिरवळला हा आकडा जास्तच टोचतो. महामार्गाच्या अंगानं एमआयडीसी आली, कारखाने आले, आणि त्यांच्याबरोबर ईपीएस-९५ ची पेन्शन घेणारी पिढीही तयार होऊ लागली. तिची किमान रक्कम १ सप्टेंबर २०१४ पासून महिना एक हजार आहे आणि ती महागाईबरोबर वाढत नाही. कारखान्यात आयुष्य घालवून ज्याला महिना दोन हजार पेन्शन बसली त्याचे वर्षाचे चोवीस हजार होतात. श्रावणबाळाच्या दृष्टीनं तो सधन! सरकारी पेन्शनरांची गोष्ट वेगळी. त्यांना महागाई भत्ता आहे, आणि त्यांच्या घरातल्या बाईला लाडकी बहीण होता येत नाही हे ठीकच आहे. ईपीएसवाला मात्र पेन्शनर या नावाखाली त्यांच्याच शेजारी बसतो आणि हातात त्याच्या चहापाण्याचे पैसे असतात.

दोन आकडे शेजारी ठेवले की मौज दिसते. जून २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा वयाची वरची मर्यादा साठ होती, ती लगेच पासष्ट केली. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही नको. दीड हजार तिकडंही, दीड हजार श्रावणबाळातही. पण पासष्टीचा उंबरठा ओलांडला की त्याच दीड हजारासाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांवरून एकवीस हजारांवर येते. चौसष्टाव्या वर्षी जी बाई सरकारच्या लेखी गरजू होती ती सहासष्टाव्या वर्षी, एक दिवसही श्रीमंत न होता, गरजूंतून बाहेर पडते. फेब्रुवारी २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी पाच लाख नावं वगळल्याचं सांगितलं. त्यात २ लाख ३० हजार संजय गांधी योजनेच्या लाभार्थी होत्या आणि १ लाख १० हजार पासष्टी ओलांडलेल्या. नियमाप्रमाणं बरोबरच. नियमच तसा.

आणि ही सगळी अट मग गॅसला चिकटली. अन्नपूर्णा योजनेचा लाडक्या बहिणीशी स्वाभाविक संबंध काहीही नाही. चूल काही पासष्टला विझत नाही. दोन्ही घोषणा एकाच अर्थसंकल्पात, २८ जून २०२४ ला झाल्या, निवडणूक जवळ होती आणि लाभार्थींची एक यादी तयार होत होती. नवी यादी करण्यापेक्षा तीच वापरणं सोयीचं होतं. वृद्धांसाठी म्हणून त्याच वर्षी आलेली मुख्यमंत्री वयोश्री योजना पासष्टपुढच्यांना एकदाच ३,००० रुपये देते, उत्पन्नाची मर्यादा दोन लाख. पण ते पैसे चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमरेचा पट्टा, गुडघ्याचा पट्टा अशा वस्तूंसाठी. इंधन तिच्या यादीत नाही. एसटीत मात्र पासष्टला अर्धं तिकीट आणि २६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरला पूर्ण माफी. कंडक्टर उत्पन्नाचा दाखला मागत नाही.

तीन सिलिंडर हा आकडाही याआधी एकदा येऊन गेला होता. टाळेबंदीत, एप्रिल ते जून २०२० साठी, केंद्रानं उज्ज्वलाच्या लाभार्थींना तीन सिलिंडर मोफत दिले होते. उज्ज्वला १ मे २०१६ ची, उत्तर प्रदेशातल्या बलियाहून सुरू झालेली. कनेक्शन बाईच्या नावावर, घरात दुसरं कनेक्शन नको, आणि सुरुवातीला नाव २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेच्या यादीत हवं. अन्नपूर्णानं यातली बाईच्या नावाची अट उचलली आणि एका रेशनकार्डावर एकच लाभार्थी ही आणखी एक जोडली. पुढं पुरुषाच्या नावावरचं कनेक्शन घरातल्या लाडक्या बहिणीच्या नावावर करून घेता येईल अशी सवलत निघाली. ज्या घरात सून आहे, एकत्र रेशनकार्ड आहे, तिथं म्हातारीचं भागतं. सिलिंडर सुनेच्या नावावर येतो आणि बंबाखालचं जळण थोडं कमी लागतं. अडते ती एकटी. उज्ज्वलाच्या सिलिंडरवर ऑक्टोबर २०२३ पासून केंद्राचे तीनशे रुपये मिळतात. अन्नपूर्णा आली तेव्हा राज्य वरचे सुमारे पाचशे तीस भरत होतं. साध्या कनेक्शनवालीला अनुदान २०२० च्या उन्हाळ्यापासून जवळजवळ शून्य. आधी स्वतःच्या पैशानं गॅस घेतला हाच तिचा दोष.

हा दोष नवा नाही. गॅसचा शिक्का आठवतो का? एके काळी रेशनकार्डावर तो मारून मिळायचा आणि त्यावर त्या घराचं रॉकेल कापलं जायचं. घरगुती गॅस मुंबईत १९५५ च्या सुमारास बर्मा शेलनं ‘बर्शेन’ नावानं आणला. इंडेन १९६५ ची. पण तालुक्याच्या गावांत गॅस येईतो ऐंशीचं, नव्वदचं दशक उजाडलं, आणि तोवर सरकारचं इंधन म्हणजे रॉकेल. दुसऱ्या महायुद्धातल्या टंचाईनं नियंत्रणाची सवय लावली आणि ती नंतर सुटलीच नाही. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकले तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या लाटणं मोर्चात रॉकेल हे एक मोठं गाऱ्हाणं होतं. पुढं रेशनचं रॉकेल ओळखू यावं म्हणून त्यात निळा रंग आला. डबडं किंवा पाच लिटरचा कॅन घेऊन रांगेत उभं राहायचं, दुकानदाराच्या मापावर डोळा ठेवायचा, आणि आपला नंबर येता येता ‘संपलं’ ऐकायचं, हे ज्यानं केलं नाही असा साठीपुढचा माणूस सातारा जिल्ह्यात शोधूनच काढावा लागेल.

त्या रांगेत म्हातारं माणूस कुठल्या हिशेबानं बसत होतं? वयाच्या नाही. रॉकेल कार्डावर मिळे, कार्डावरच्या माणसांच्या संख्येनुसार मिळे. एकट्या माणसाचं एक युनिट. पण एका माणसाचं पाणी तापवायला जळण काही चौघांच्या चौथ्या हिस्स्यानं लागत नाही. चूल एकदा पेटवायची ती पेटवायचीच. एकट्या राहणाऱ्या वृद्धाला सरकारी माप कमी पडतं ही गोष्ट रॉकेलच्या काळापासूनची आहे, आणि ती कुठल्याही परिपत्रकाच्या लक्षात आलेली दिसत नाही.

कार्डांना रंग आले ते १ मे १९९९ ला. वर्षाचं उत्पन्न पंधरा हजारांपर्यंत पिवळं, एक लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरं. पिवळ्यासाठी घरात कुणी डॉक्टर-वकील नको, चारचाकी नको आणि घरी टेलिफोनसुद्धा नको. त्या काळी फोन म्हणजे श्रीमंती. पंधरा हजारांचा आकडा गरिबीचा म्हणून १९९९ मध्ये ठरला आणि सव्वीस-सत्तावीस वर्षांनी आपण वृद्धाच्या पेन्शनसाठी एकवीस हजारांवर आहोत. अन्नसुरक्षेसाठी मधल्या काळात उत्पन्नाच्या वेगळ्या मर्यादा लागू झाल्या, लाडक्या बहिणीनं केशरी कार्ड अडीच लाखांचा पुरावा म्हणून स्वीकारलं. एकाच कागदाचा प्रत्येक खिडकीवर वेगळा अर्थ लागतो.

निळ्या रॉकेलचा शेवट सांगायलाच हवा, कारण तो रक्ताळलेला आहे. स्वस्त रॉकेल डिझेलमध्ये मिसळण्याचा धंदा वाढला आणि २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळलं. रोख अनुदान बँकेत, माल बाजारभावानं, या विचाराला त्यानंतर जोर चढला. सप्टेंबर २०१२ मध्ये अनुदानाच्या सिलिंडरांवर वर्षाला सहाची मर्यादा आली, ती लोकांच्या ओरड्यानं नऊ आणि मग बारा झाली. १ जानेवारी २०१५ पासून सिलिंडरचं अनुदान थेट बँकेत देणारी ‘पहल’ योजना देशभर. जुलै २०१६ पासून रॉकेलचा भाव थोडाथोडा वाढवत नेला आणि अनुदान संपवलं. चोरी थांबली हे मान्य केलंच पाहिजे. पण रांगेत उभं राहता येणाऱ्या म्हातारीला आता बँकेचं खातं, आधारची जोडणी, ठसा न उमटणारा अंगठा आणि मोबाइलवरचा ओटीपी यांतून जावं लागतं.

मधल्या काळात एक वेगळी वाट आपल्याच जिल्ह्यात चाचपून झाली होती. १९८३-८४ ला केंद्राचा सुधारित चुलींचा कार्यक्रम सुरू झाला. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेनं, आनंद कर्वे यांच्या पुढाकारानं, फलटणच्या केंद्रावर त्यात मोठं काम केलं. ‘लक्ष्मी’ चूल त्यांचीच. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या त्यांच्या कामाला २००२ मध्ये ब्रिटनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. फलटणलाच निंबकरांच्या संस्थेत अनिल राजवंशी यांनी कंदील आणि शेगडी एकत्र असलेलं साधन केलं. गोबरगॅसलाही अनुदान होतं, पण त्याला दावणीला जनावरं हवीत आणि शेण कालवायला अंगात जोर हवा. चुलींचा कार्यक्रम २००२ मध्ये गुंडाळला. लोक अजून त्याच चुलीवर पाणी तापवतात.

मग जंगलाकडं. रॉकेलच्या आधी इंधनाचं अनुदान नव्हतं, कारण इंधन विकत घ्यायची गोष्ट नव्हती. गावच्या गायरानात, डोंगराच्या अंगावर मिळेल ते गोळा करायचं. ज्याच्यात जोर त्याची मोळी मोठी, म्हातारीची लहान, पण कुणी कार्ड मागत नव्हतं. १८७८ च्या जंगल कायद्यानं हे बदललं. त्या कायद्यामागं बेडन-पॉवेल या अधिकाऱ्याची भूमिका अशी की लेखी पुरावा नसलेला वापर हा हक्क नव्हे, सरकारनं चालू दिलेली सवलत आहे आणि ती काढूनही घेता येते. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं या कायद्याला तेव्हाच विरोध केला. ज्यांचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर कोरडे ओढले. कायद्यात गावाची म्हणून वेगळी जंगलं ठेवायची तरतूद होती, ती बहुतेक कागदावरच राहिली. १९३० मध्ये तेव्हाच्या सातारा आणि आजच्या सांगली जिल्ह्यातल्या बिळाशीनं जंगल सत्याग्रह केला, तिकडं कुलाब्यात चिरनेरला गोळीबार झाला. मिठासारखंच जळणही सरकारनं आपलं करून घेतलं होतं.

माझ्या मते सगळ्या अटींचं मूळ इथं आहे. जळण हक्काचं होतं तोवर पात्रता नावाची गोष्टच नव्हती. ते सवलत झालं त्या दिवसापासून कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे ठरवणारा कारकून लागला. हा कारकून १८७८ पासून बदललेला नाही, फक्त त्याच्यापुढचा कागद बदलला.

इंग्लंडात हेच त्याआधी घडलं, पण जरा वेगळ्या रीतीनं. तिथंही गावाची सामाईक कुरणं-रानं कुंपणात घालून जमीनदारांना वाटली गेली. मात्र अनेक गावांत वाटपाच्या निवाड्यातच गरिबांच्या जळणासाठी म्हणून जमिनीचा एक तुकडा बाजूला काढून ठेवला जाई. लंडनजवळच्या हॅम्प्टनमध्ये १८११ च्या निवाड्यानं असाच तुकडा राखला. पुढं विश्वस्तांनी तो भाड्यानं द्यायचा आणि त्या पैशातून गोरगरिबांना हिवाळ्यात कोळसा वाटायचा. १९८८ मध्ये ती जमीन सुपरमार्केटसाठी विकली गेली आणि आलेल्या पैशातून ती संस्था अजूनही तिथल्या गरजूंना इंधनासाठी मदत करते. काढून घेतलेल्या हक्काची भरपाई म्हणून तिथं निदान एक तुकडा राहिला. आपल्या जंगल कायद्यातला तसा तुकडा कागदावरच राहिला, म्हणून आपल्याकडची प्रत्येक योजना मेहेरबानी म्हणून येते आणि घोषणा करणाऱ्याचा फोटो घेऊन येते.

तिकडचं आजचं अनुदानही काही सरळ रेषेत आलं नाही. १९९७ मध्ये अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी ते सुरू केलं तेव्हा घराला वीस पौंड आणि गरिबांना पन्नास. नंतर ते दोनशे झालं, ऐंशीच्या वरच्यांना तीनशे. बायकांना साठला आणि पुरुषांना पासष्टला का, म्हणून टेलर नावाचे एक निवृत्त गृहस्थ युरोपच्या न्यायालयात गेले आणि १९९९ मध्ये जिंकले; पुरुषांनाही साठला मिळू लागलं. उत्पन्नाची अट नव्हती. जुलै २०२४ मध्ये रेचेल रीव्ह्ज यांनी ती घातली, फक्त गरिबीची पेन्शन घेणाऱ्यांनाच पैसे, आणि एका हिवाळ्यात सुमारे एक कोटी वृद्धांचं अनुदान गेलं. इतका गदारोळ झाला की जून २०२५ मध्ये सरकारनं माघार घेतली. आता वर्षाला पस्तीस हजार पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना ते मिळतं. यातली आपल्या कामाची गोष्ट आकड्यात नाही, पद्धतीत आहे. पैसे पेन्शनच्या वयाच्या सगळ्यांना आपोआप जातात आणि ज्यांचं उत्पन्न जास्त त्यांच्याकडून करखातं ते परत घेतं. वृद्धाला दाखला काढायला कुठंही जावं लागत नाही. आपल्याकडं याच्या उलट. शिरवळच्या माणसानं खंडाळ्याला जायचं, तलाठ्याचा अहवाल, तहसीलदाराचा दाखला, आणि एकवीस हजारांचा आकडा लिहिताना सगळ्यांनी एकमेकांकडं न बघता सही करायची. तो आकडा खरा नाही हे देणाऱ्यालाही माहीत असतं आणि घेणाऱ्यालाही. प्रामाणिकपणे बावीस हजार लिहिणारा तेवढा मरतो.

दर हिवाळ्याला नवी योजना जाहीर करण्याची गरज नाही. श्रावणबाळाची उत्पन्न मर्यादा लाडक्या बहिणीएवढी केली तर पासष्टीचा कडेलोट थांबेल. तो खर्चाचा प्रश्न आहे, वाद घालण्याजोगा आहे, सरकारनं तो विधिमंडळात मांडावा. गॅसचं मात्र एवढं अवघड नाही. शिरवळच्या, खंडाळ्याच्या, कुठल्याही गावच्या ग्रामसभेनं ठराव करून आमदाराच्या हातात द्यावा: श्रावणबाळ आणि संजय गांधी योजनेच्या ज्या लाभार्थी बाईच्या नावावर गॅस आहे, तिलाही अन्नपूर्णा लागू. त्या बायकांची पडताळणी सरकारनं आधीच केलेली आहे, त्यांची नावं, खाती, आधार क्रमांक तहसील कचेरीत आहेत. ३० जुलै २०२४ च्या निर्णयात त्यासाठी एक ओळ वाढवावी लागेल.